छत्तीसचा रोल आणि पांगाऱ्याची फळी

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन लावला तेव्हा इकडे रात्रीचे आठ वाजलेले, म्हणजे तिकडे सावंतवाडीत सकाळचे साडेआठ, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती आणि माझ्यासमोर सिंकमध्ये निकोनॉस, माझा पाण्यात न्यायचा फिल्मचा कॅमेरा, उघडा पडला होता. आतून खारं पाणी ठिबकत होतं. "गेला नाना, बुडाला कॅमेरा," एवढंच मी कसंबसं म्हणाले. नानांनी कॅमेऱ्याची चौकशीसुद्धा केली नाही. त्यांनी विचारलं, "रोल खंय आसा?"

रोल आत होता.

"सुकाक देव नको. गोड्या पाण्यात घाल आधी. मगे रडत बस."

मग पुढचा दीड तास मी बाथरूममध्ये. दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेले, फोन स्पीकरवर टाकून बाहेर ठेवलेला, आणि नाना दाराबाहेरून (म्हणजे तेरा-चौदा हजार किलोमीटरवरून) सूचना देतायत. ओला रोल सुकला की फिल्म स्वतःलाच चिकटते, मग सोडवायला गेलं की वरचा थर सोलून येतो, पापडासारखा. म्हणून ती ओलीच ठेवायची आणि ओलीच धुवायची. ट्राय-एक्स होता, ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे घरी जमण्यातला होता. ओली फिल्म रीळावर चढवणं हे मात्र ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल, अंधारात बोटांना नुसतं बुळबुळीत काहीतरी लागतं आणि आपण देवाचं नाव घेत राहतो. डेव्हलपर मी रेडीमेड पावडरचा वापरते, हे नानांना अजून पटलेलं नाही. त्यांना डी-७६ ची कृती पाठ आहे, लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १००, हायड्रोक्विनॉन ५, बोरॅक्स २, आणि ती ते रामरक्षेच्या चालीवर म्हणतात. सावंतवाडीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता, तिथे पुडीचा डेव्हलपर परवडायचा नाही, सगळं वजन करून घरीच कालवायचं.

कॅमेरा बुडायचं कारण काय तर एक केस. माझाच. निकोनॉसच्या झाकणाभोवती रबराची गोल रिंग असते, ओ-रिंग म्हणतात तिला, ती दर वेळी काढायची, पुसायची, तिला सिलिकॉनचं ग्रीस लावायचं, अगदी पातळ, आणि बोट फिरवून बघायचं की वाळूचा कण नाही ना, धागा नाही ना. त्या दिवशी लाटा चांगल्या होत्या आणि मला घाई होती. बस. एक केस रिंगखाली राहिला आणि त्या केसाच्या वाटेने पॅसिफिक आत आला.

तर ही अशी माझी अवस्था. वय ४९, गाव मूळचं सावंतवाडी, राहायला सांताक्रूझ. आपल्याकडे सांताक्रूझ म्हटलं की वेस्टर्न लाइन आणि विमानतळ, मी पण सुरुवातीला फोनवर नातेवाइकांना समजावून थकले होते की बाई ते नाही, हे कॅलिफोर्नियातलं. इथे सर्फिंग म्हणजे आपल्याकडे क्रिकेट. मुलं शाळेआधी पाण्यात, रिटायर्ड माणसं सकाळी सातला पाण्यात, आणि पाणी उन्हाळ्यात सुद्धा इतकं गार की जाड रबरी वेटसूट घातल्याशिवाय अर्धा तास काढणं कठीण. तो वेटसूट घराघरात पोचवणारा जॅक ओनील इथलाच म्हणायचा, सॅन फ्रान्सिस्कोत १९५२ साली दुकान काढलं, १९५९ मध्ये इकडे आला आणि इथेच शेवटपर्यंत राहिला. मी ४१ व्या वर्षी पहिल्यांदा बोर्डवर आडवी पडले, काउल्स नावाच्या बीचवर, जिथे लाटा लांबलचक, हळू आणि माझ्यासारख्या बायकांवर दया करणाऱ्या असतात. आठ वर्षांत मी फार सुधारले असं कोणी म्हणणार नाही. उभी राहते, सरळ जाते, कधीकधी वळते.

आता इथला इतिहास थोडा सांगते कारण त्याच्यामुळेच मी या लाकडाच्या नादाला लागले. १८८५ साली हवाईचे तीन राजपुत्र इकडे सॅन माटेओच्या शाळेत शिकायला होते, सख्खे भाऊ, त्यांनी इथल्याच रेडवूडच्या फळ्या घेऊन बोर्ड बनवले आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर उभे राहिले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंगची ही पहिली नोंद. मी तिथून रोज गाडीने जाते. २०१५ मध्ये त्यातले दोन बोर्ड होनोलुलूच्या बिशप म्युझियममधून इथल्या म्युझियममध्ये आणले होते, मी तेव्हा सर्फिंग करत नव्हते, मुलीच्या शाळेची ट्रिप म्हणून गेले होते आणि बाकी पालक कॉफीकडे गेले तरी मी त्या फळ्यांपुढेच. काळपट, जाड, भल्याथोरल्या लांब. दरवाजा काढून आडवा ठेवलाय असं वाटत होतं. यावर माणूस उभा राहतो?

हवाईत जुन्या काळी बोर्डचे प्रकार ठरलेले होते. छोटा पाइपो, त्यावर पोटावर झोपायचं, पोरंटोरं खेळायची. अलाया मध्यम आणि पातळ, बहुतेक कोआच्या लाकडाचा. आणि ओलो, लांबच लांब, राजघराण्यातल्या लोकांचा, तो विलीविली नावाच्या हलक्या लाकडाचा. हे विलीविली काय प्रकरण आहे म्हणून मी एका रात्री शोधायला बसले आणि झाडाचा फोटो बघून मोठ्याने हसले, नवरा झोपेतून उठला. पानं झडलेलं काटेरी झाड आणि टोकाला फुलांचे पेटलेले घोस. अहो, हा तर पांगारा! म्हणजे अगदी तोच नाही, विलीविली एरिथ्रिना सँडविसेन्सिस आणि आपला पांगारा एरिथ्रिना व्हेरिगाटा, पण कूळ एक. चुलतभाऊ समजा. हवाईचे राजे ज्यावर उभे राहून लाटा घ्यायचे त्याच्या भाऊबंदाला आम्ही कुंपणाला लावायचो आणि मिरवेल चढवायला खांब म्हणून वापरायचो.

आणि खेळणी. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी पूर्वी पांगाऱ्याची करायचे, कारण लाकूड मऊ आणि हलकं, हत्यार छान चालतं, लहान मुलाच्या हातातून पडलं तरी पायाला लागत नाही. आमच्या घरात लाकडी फळांची परडी होती, त्यातलं केळं मी विहिरीत टाकलं होतं आणि ते कितीतरी दिवस तरंगत होतं, आई पाणी काढताना रोज त्याला शिव्या द्यायची. आता विचार केला तर माझा लाकूड आणि पाणी या विषयातला पहिला प्रयोग तोच.

असो. गाडी कॅमेऱ्याकडे वळवते, कारण लाकडाचा आणि कॅमेऱ्याचा संबंध मी जुळवलेला नाही, तो आधीपासूनच आहे आणि एकाच माणसापाशी आहे. टॉम ब्लेक. १९२६ च्या सुमारास हा बिशप म्युझियममध्ये पडलेले जुने ओलो दुरुस्त करत होता. मग त्याने स्वतःसाठी तसा बोर्ड बनवला, पण तो उचलवेना, म्हणून त्याने लाकडात शेकडो भोकं पाडली, वाळवला आणि वरून पातळ लाकूड चिकटवून बंद केला. पुढे त्यातूनच आतून पोकळ, बरगड्या असलेला बोर्ड झाला, त्याचं पेटंट १९३२ चं. बोर्डखाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखा तो छोटा पंख, तोही १९३५ मध्ये त्यानेच लावला. आणि हाच गडी कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटी बनवून लाटांमध्ये घुसला आणि बोर्डवर बसून बाकीच्यांचे फोटो काढायला लागला. ते फोटो १९३५ साली नॅशनल जिओग्राफिकमध्ये आले. म्हणजे बघा, फळी हलकी करणारा आणि कॅमेरा पाण्यात नेणारा माणूस एकच. त्याचे फोटो पेपरात बघून लॉस एंजेलिसकडचा जॉन बॉल नावाचा दातांचा डॉक्टर पेटला, त्याने आपल्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्यासाठी पेटी बनवली. आणि त्या बॉलचा मित्र लेरॉय ग्रॅनिस. हा माझा सगळ्यात लाडका. टेलिफोन कंपनीत नोकरी, वय ४२, पोटात अल्सर, डॉक्टरने सांगितलं काहीतरी छंद लावून घ्या. १९५९ साल. त्याने कॅमेरा उचलला आणि साठच्या दशकातलं कॅलिफोर्नियाचं सर्फिंग आज आपल्याला जे दिसतं त्यातलं बरंचसं या अल्सरवाल्या गृहस्थाच्या डोळ्यांनी दिसतं. त्याने एक पेटी तयार केली होती जी बोर्डला सक्शनने चिकटायची, म्हणजे रोल संपला की किनाऱ्यावर यायला नको, तिथेच पाण्यात बसून रोल बदलायचा.

हे सगळं मी नानांना फोनवर रंगवून रंगवून सांगितलं तेव्हा ते ऐकून घेऊन म्हणाले, "मगे? त्याका किनाऱ्यार येवचा कष्ट नको होता, इतक्याच ना?"

आणि हे अगदी बरोबर आहे, हेच मला हल्ली डाचतं. इन्स्टावर "स्लो लिव्हिंग", "अॅनालॉग सोल" वगैरे लिहून लोक जुने कॅमेरे आणि लाकडी बोर्ड एकत्र मांडून फोटो टाकतात (मी पण टाकलेत, खोटं कशाला बोलू), पण त्या जुन्या लोकांना हळू काही नकोच होतं. ब्लेकला हलका बोर्ड हवा होता. ग्रॅनिसला पटकन रोल बदलायचा होता. १९५८ मध्ये होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी फोमचे बोर्ड काढले तेव्हा बाल्साचं लाकूड कवटाळून कोणी बसलं नाही, सगळे फोमकडे पळाले, कारण फोम हलका, एकसारखा, पाहिजे तेवढा मिळणारा. आमच्या नानांनीही २००५ मध्ये डिजिटल घेतला आणि एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र, भंगारवाल्याला दिला. मी तेव्हा पुण्यात होते, कळल्यावर हळहळले तर म्हणाले, "डोळे गेले माझे त्या अंधारात, तुझा काय जाता." चाळीस वर्षं हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, वासात काढलेल्या माणसाला व्हिंटेज हा शब्द ऐकवून बघा. लग्नाच्या सीझनला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डार्करूम, सकाळी परत हळद. इंदू फिल्म, आपल्या उटीच्या सरकारी कारखान्यातली, ती मिळाली तर ती, नाही तर जी मिळेल ती. छत्तीसच्या रोलमध्ये सदतिसावा फोटो काढायचा तो कला म्हणून नाही, तर तो एक फोटो फुकटात पडायचा म्हणून.

तर मग मी हे का करते? याचं उत्तर मी बरेच दिवस सुंदर सुंदर शब्दांत देत होते. खरं उत्तर जरा लाज वाटण्यासारखं आहे, ते पुढे सांगते. आधी ती शेड.

पाच-सहा मैलांवर, स्ट्रॉबेरीच्या शेतांच्या कडेला, एका म्हाताऱ्या शेपरची शेड आहे. शेपर म्हणजे बोर्ड घडवणारा, तासणारा. नाव सांगत नाही, त्याला गिऱ्हाईक वाढलेलं आवडत नाही. २०१९ मध्ये नाना आणि आई चार महिने इकडे आले होते आणि नाना घरात बसून कंटाळले होते, म्हणून मी त्यांना तिथे घेऊन गेले. माझा पहिला स्वतःच्या मापाचा बोर्ड तिथे घडत होता, नऊ फूट चार इंच. माप घेताना म्हातारबुवांनी माझं वजन विचारलं, उंची विचारली आणि मग म्हणाले आता खरं सांग, किती वेळा जातेस पाण्यात. आपले ब्लाउज शिवणारे काका विचारायचे ना, कायम घालणार की एका लग्नापुरतं, अगदी तसं.

शेपिंगची खोली म्हणजे लांबट, अरुंद, खिडकी नाही. भिंती गडद निळ्या. ट्यूबलाइट छताला नाहीत, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कमरेच्या जरा वर, आडव्या. मधे स्टँडवर पांढरा फोमचा ठोकळा, त्याला ब्लँक म्हणतात, मधोमध लाकडाची पातळ पट्टी. मला पहिल्यांदा गेले तेव्हा या लाइटचा अर्थ लागला नव्हता, म्हाताऱ्याने समजावून सांगावा लागला होता. नाना आत शिरले, दोन मिनिटं उभे राहिले, ठोकळ्याच्या टोकाशी जाऊन वाकले, एक डोळा मिटून आडवं बघितलं आणि मला म्हणाले, "हां. वरून लाइट टाकलो तर खड्डो दिसाचो नाय. बाजूक टाकल्यार सावळी पडता."

एवढंच. बाजूने उजेड आला की पांढऱ्यावरचा केसाएवढा उंचवटासुद्धा सावली टाकतो, मग ती सावली तासून तासून नाहीशी करायची आणि डावी-उजवी सारखी करायची. शेपर फोम बघतच नसतो, सावली बघत असतो. नानांचं रिटचिंगचं डेस्क अगदी असंच होतं, तिरकी काच, खालून आरशाने उजेड, वर पुठ्ठ्याची झापड, आणि त्यात नवऱ्या मुलीच्या निगेटिव्हवर ते टोकदार पेन्सिलीने तिच्या मुरुमांचे डाग एकेक करून घालवायचे. निगेटिव्हवर डाग पारदर्शक दिसतो, त्याच्यावर शिशाचे बारीक ठिपके द्यायचे, जास्त झालं तर प्रिंटवर पांढरा चट्टा येतो. शेडमधल्या त्या म्हाताऱ्याच्या कानावर पेन्सिल होती. नानांच्याही असायची. दोघांमधे इंग्रजी जेमतेम वीस शब्दांचं झालं असेल. म्हाताऱ्याने नानांचा हात धरून बोर्डच्या कडेवरून फिरवला, कडेला रेल म्हणतात, आणि खुणेने सांगितलं डोळे मीट. नानांनी डोळे मिटले. एका जागी हात थांबला. "हय," म्हणाले. म्हाताऱ्याला हय म्हणजे काय कळायचं कारण नाही, पण तो हसला आणि तिथे पेन्सिलीने छोटा क्रॉस काढला.

त्या म्हाताऱ्याकडे एक जुना रंधा आहे, स्किल १०० म्हणून, विजेवर चालणारा, खरं तर सुतारांसाठी दरवाजे तासायला बनवलेला. तो चालू असतानाच खोली कमी-जास्त करता येते म्हणून शेपर लोकांनी तो उचलला, मग कंपनीने बनवायचा बंद केला आणि आता जुन्या मशीनसाठी मारामारी. आणि ब्लँकचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेतले बहुतेक सगळे शेपर एकाच कारखान्याचा फोम वापरायचे, त्या क्लार्कचाच, आणि ५ डिसेंबर २००५ ला, सोमवारी, त्याने एक पत्र पाठवून धंदा बंद केला. त्याच दिवसापासून. रातोरात ब्लँकचे भाव वर, लोक गॅरेजमध्ये साठे करायला लागले. शेडवाला सांगत होता की त्याच्याकडे अकरा ब्लँक उरले होते आणि तो त्यांच्याजवळ झोपायचा, आता त्यात किती खरं देव जाणे. नाना ते ऐकून म्हणाले, कोडॅकचं पण असंच झालं. त्यांची कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म २००९ मध्ये बंद झाली, शेवटची धुणारी लॅब कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात होती, तिने २०१० च्या शेवटाला रोल घेणं थांबवलं आणि त्यानंतर कुणाच्या कपाटात न धुतलेला कोडॅक्रोम सापडला तर त्यातले रंग आता कोणी काढून देऊ शकत नाही, निघालं तर नुसतं ब्लॅक अँड व्हाइट.

माझ्या बोर्डवर मधल्या पट्टीवर पेन्सिलीने माप लिहिलंय, लांबी रुंदी जाडी, आणि खाली म्हाताऱ्याने माझं नाव चुकीच्या स्पेलिंगने लिहिलंय. वर फायबरग्लासचं कापड आणि रेझिन चढलं, आता ते जन्मभर तसंच राहणार. आणि उजव्या रेलवर, नीट बघितलं तर, नानांनी दाखवलेली जागा अजून किंचित जाड आहे. म्हाताऱ्याने ती मुद्दाम ठेवली की विसरला हे मी विचारलेलं नाही.

आता ते लाजिरवाणं उत्तर. मी आधी गोप्रो घेतला होता. बोर्डच्या टोकाला लावायचा, चालू करायचा, तासभर आपोआप सगळं टिपलं जातं. (गंमत म्हणजे या कंपनीचा २००४ मधला पहिला कॅमेरा फिल्मचाच होता, पस्तीस एमएमचा, मनगटाला बांधायचा, कारण कंपनी काढणाऱ्याला सर्फिंग करताना फोटो हवे होते. म्हणजे ब्लेकचीच खाज, सत्तर वर्षांनी.) घरी येऊन मी ते बघितलं आणि दोन आठवडे पाण्यात गेले नाही. मला वाटत होतं मी लाटेवर छान वाकून, हात पसरून वगैरे जाते. प्रत्यक्षात एक मध्यमवयीन बाई संडासला बसल्यासारखी बसलेली आणि तोंड उघडं. एका सेकंदाला साठ फ्रेम. साठही फ्रेममध्ये तोंड उघडं.

फिल्मने मला हे कधीच दाखवलं नाही, एवढंच खरं कारण आहे. निकोनॉस घेऊन पाण्यात गेलं की आपण बोर्डवर नसतोच, पायात पोहायचे, बदकाच्या पायांसारखे फिन घालून लाटांमध्ये तरंगत असतो आणि दुसऱ्यांचे फोटो काढतो. छत्तीस फ्रेम. रोल बदलायचा तर बाहेर येऊन, अंग पुसून, हात कोरडे करून. आता माझ्याकडे जुना निकोनॉस थ्री आहे, बुडाला तो फाइव्ह, त्यात इलेक्ट्रॉनिक्स होतं म्हणून तो मेला तो मेलाच. थ्रीमध्ये बॅटरी नाही, उजेड मोजायचा मीटर नाही. या कॅमेऱ्याचं मूळ फ्रान्समधलं, समुद्रात बुड्या मारून फिल्म काढणारा कूस्तो आणि त्याच्या इंजिनियर मित्राच्या डोक्यातून १९६० च्या आसपास कॅलिप्सो नावाने आला, मग १९६३ पासून निकॉनने निकोनॉस म्हणून बनवायला घेतला. लेन्सला दोन बाजूंना दोन मोठी बटणं, एकाने अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एकाने अंतर, आणि समोर काचेआड दोन छोटे लाल काटे. अॅपर्चर बारीक केलं की काटे आपोआप एकमेकांपासून दूर जातात आणि सांगतात की या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत सगळं शार्प येईल. फोकस बघायची सोयच नाही, अंदाज घ्यायचा. मी तीन मीटरला लावते, एफ ८, पाचशे शटर, आणि मग सोडून देते. लेन्सवर थेंब बसू नयेत म्हणून काच जिभेने चाटायची, मग पाण्याचा एकसारखा पातळ थर राहतो. हे पहिल्यांदा बघून माझ्या मुलीने मला ओळख दाखवणं बंद केलं होतं.

आणि मग लाट येते. आधी क्षितिजावर एक जाड रेघ, मग ती रेघ उभी राहायला लागते, केल्प नावाच्या समुद्री शेवाळाची पानं तिच्या पोटात वर चढताना दिसतात, तपकिरी, उजेडात पिवळी. वर कोणीतरी बोर्डवर उभं राहतंय. लाट आपल्या डोक्यावर येऊन वाकते त्या अर्ध्या सेकंदात बटण दाबायचं आणि लगेच खाली बुडी. बुडी मारताना कानात आधी शांतता आणि मग मालगाडी. वर आल्यावर कळत नाही मिळालं की नाही. अंगठ्याने लिव्हर ओढायची. एक गेला, पस्तीस राहिले.

बुडालेल्या रोलमधले अकरा फोटो आले, बाकीच्यावर मिठाचे डाग, झाडांच्या फांद्यांसारखे पसरलेले. नानांना व्हॉट्सअॅपवर पाठवले. सगळे कलात्मक मित्र त्या डागांवर फिदा होते, नाना म्हणाले, "वॉशिंग कमी पडला. आणि क्षितिज वाकडा इला हा."

यंदा फेब्रुवारीत गावी गेले तेव्हा परसातल्या पांगाऱ्याची एक मोठी फांदी वाऱ्याने मोडली होती. पानं झडलेली, फुलं लालभडक, मैनांचा दंगा. मी म्हटलं नाना, हिचा पाइपो करूया. नानांना पाइपो म्हणजे काय ते दाखवलं, म्हणाले हा तर पाट. खरंच पाटच तो, पुढून गोल केलेला, चार फूट लांब. फांदीतून एवढी रुंद फळी निघणार नव्हती म्हणून तीन फळ्या जोडल्या. चितारआळीत नानांच्या ओळखीचे एक चितारी आहेत, त्यांना मी विचारलं याला खेळण्यांसारखी लाख चढवता येईल का, तर ते माझ्याकडे जरा दयेने बघून म्हणाले, ताई, लाख चढते ती लेथवर फिरताना, घासून गरम होते म्हणून, तुमचा पाट कसा फिरवू? मग जवसाचं तेल पाजलं. हवाईत कुकुईच्या बियांचं तेल चोळायचे, त्यापेक्षा हे सोपं. तेल नानांनीच लावलं, जुन्या बनियनच्या बोळ्याने, तीन दिवस, रोज संध्याकाळी, आणि मधूनच फळी खिडकीशी तिरकी धरून एक डोळा मिटून बघायचे.

शिरोड्याला वेळागरच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूची झाडं, सकाळची वेळ, गुडघ्याएवढ्या लाटा, म्हणजे काउल्सवाल्यांनी तोंड सुद्धा धुतलं नसतं अशा. चार मच्छीमार जाळं निसवत बसले होते, त्यांनी काम थांबवून माझ्याकडे बघायला सुरुवात केली, पाट घेऊन समुद्रात जाणारी बाई त्यांनी आधी बघितली नव्हती. नाना ७९ वर्षांचे, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाण्यात उभे, हातात निकोनॉस, रोलमधला एकच फ्रेम शिल्लक. मी सांगितलं होतं तीन मीटरला लावलाय, जवळ आले की दाबा. पहिल्या लाटेला मी उलटी झाले. दुसरीला नाकात वाळू. तिसरीला पांगारा उचलला गेला, खाली काहीतरी हलकं होऊन सरकल्यासारखं झालं आणि मी पोटावर पार उथळ पाण्यापर्यंत घसरत गेले, नानांच्या पायाशी. एक म्हातारे मच्छीमार मोठ्याने म्हणाले, "गेली रे गेली!"

पाऊण तासात फळीने पाणी प्यायलं आणि जोडावर फुगली. उचलताना दुप्पट जड लागली. पांगाऱ्याचं लाकूड पाण्यात टिकत नाही, हे चितारी बोलले होते, मीच ऐकलं नव्हतं. हवाईतले लोक त्यांचे बोर्ड पाण्यातून काढून वाळवून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवायचे ते उगाच नव्हे. परत जाताना विमानात नेण्यासारखी ती राहिलीच नाही. आईने ती पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवली.

रोल इकडे येऊन धुतला. शेवटच्या फ्रेममध्ये फेस आहे, पांगाऱ्याचं गोल टोक आहे, माझे दोन्ही हात आहेत आणि मानेच्या वर काही नाही. डोकं कापलंय. चाळीस वर्षांत हजारो लग्नं काढलेल्या माणसाने. व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर आणि जरा बाजूला असतो, जवळचं काढताना फ्रेम सरकते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी फोटो पाठवला आणि लगेच फोन केला.

"कॅमेरो तुझो वाकडो," म्हणाले. मग म्हणाले, तोंड उघडं होतं तुझं, बरं झालं कापलं ते.

आणि मग विषय बदलून सांगायला लागले की त्या मोडलेल्या फांदीचं उरलेलं टोक त्यांनी विहिरीपाशी नुसतं जमिनीत खोचून ठेवलं होतं, त्याला फूट आलीय, आणि मिरीचा वेल आत्ता लावू की पावसाची वाट बघू, आई म्हणते पावसात लाव.